एक कोयता, दोन नावं

तेलगाव,
१२ मे २०२५

ती. स्व. विठ्ठलआप्पांना,
शिवकन्याचा नमस्कार.

मायना लिहितानाच दोन कागद वाया गेले. पहिल्यावर 'महामहिम' लिहिलं आणि मग आठवलं की तो शब्द आता वापरत नाहीत. दुसऱ्यावर 'माननीय राज्यपाल महोदय' लिहिलं, तर वडील म्हणाले, "अगं, चुलत आजा हाय तुझा. महोदय कावून?" म्हणून हा तिसरा.

तुम्ही मला ओळखणार नाही. नेकनूरजवळच्या आपल्या वस्तीवरच्या अजिनाथची मी थोरली. आमच्या घरात शाळा संपवून पुढं गेलेली मी पहिलीच. एम. ए. मराठी केलं आणि आता तेलगावला कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. जानेवारीत तुम्हाला पंच्याहत्तर पूर्ण होतील. त्यासाठी तुमच्या राजकीय वाटचालीचं पुस्तक करायचं तुमचे पुतणे प्रविणकाका यांनी ठरवलं आणि काम माझ्याकडं दिलं. "आपल्या घरातली पोरगी हाय, चुका करायची न्हाई," असं ते चारचौघांत म्हणाले. तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही.

राजभवनातून आलेला तुमचा परिचय मी वाचला. दोन ठिकाणी अडले आहे.

एक. त्यात 'वडील हनुमानराव, ऊसतोड कामगार; आई वत्सलाबाई, गृहिणी' असं आहे. पण वडील म्हणतात की तुमची आई आणि माझी पणजी एकाच टोळीत ऊस तोडायच्या. मग कोणतं खरं धरू?

दोन. शेवटचं प्रकरण. तुम्ही राज्यपाल आहात तिकडच्या विधानसभेनं वीटभट्टीवरच्या मजुरांसाठी एक विधेयक मंजूर केलं आणि ते पाच महिने तुमच्या सहीसाठी थांबलंय, असं वर्तमानपत्रात आलं आहे. त्याबद्दल काय लिहायचं? की लिहायचंच नाही? विचारणं अगोचरपणाचं वाटलं तर हा परिच्छेद नाही असं समजावं.

फोन केला होता. कुणीतरी इंग्रजीत काम काय म्हणून विचारलं आणि मी ठेवून दिला.

तुमची नात,
शिवकन्या

•

राजभवन,
२४ मे २०२५

चि. शिवकन्या,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. फोन ठेवलास ते बरं केलंस. इथं फोनवर मी बोलतो आणि तिघं ऐकतात. पत्रच लिहीत जा. मराठी अक्षर बघून डोळ्यांना बरं वाटलं.

अजिनाथला मी कडेवर घेतलेलं आहे. त्याला सांग, महोदय म्हणणाऱ्या माणसांचा इथं काही तुटवडा नाही.

तो परिचय इथल्या एका अधिकाऱ्यानं तयार केला. माणूस भला, पण त्याची गंमत ऐक. मी त्याला सांगितलं, "आमचं घर म्हणजे एक कोयता." त्यानं इंग्रजीत लिहिलं की राज्यपालांचं कुटुंब इतकं गरीब होतं, घरात मिळून एकच विळा होता! आता त्याला कसं कळावं, की आपल्याकडं नवरा-बायको जोडीनं ऊस तोडतात आणि मुकादम त्या दोघांना मिळून एक कोयता मोजतो? ते वाक्य मी खोडायला लावलं.

'गृहिणी' मात्र राहू दे. माझ्या पहिल्या निवडणुकीपासून प्रत्येक पत्रकात तेच छापलं गेलंय. पन्नास वर्षांनी बदललं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला आता गरिबी मिरवायची आहे.

विधेयकाबद्दल 'विचाराधीन आहे' एवढं लिही. शब्द चांगला आहे, त्यात काहीही मावतं. तुला म्हणून सांगतो, पुस्तकात घेऊ नको. इथलं सरकार आमच्या पक्षाचं नाही. विधेयक थांबलेलं बरं, असं मला वरून कळवण्यात आलंय. सप्टेंबरात राज्यपालांच्या बदल्या आहेत. मला मोठं राज्य मिळेल असं म्हणतात. सही केली तर घरी जावं लागेल. प्रविणचं जिल्हा परिषदेचं तिकीटही माझ्या खुर्चीच्या पायाला बांधलेलं आहे.

माझी सगळी वाटचाल तशी वाट बघण्याचीच. सरपंच झालो आणि आमदारकीच्या तिकिटाची वाट बघितली. दोनदा आमदार झालो, मंत्रिपदाची वाट बघितली. ते मिळालं ते राज्यमंत्र्याचं, तेही दोन वर्षं. मग दोनदा पडलो आणि पक्षाच्या कार्यालयात बसून दुसऱ्यांच्या सभांचे मांडव घातले. आता हा बंगला आहे, दारात बंदूकवाला आहे आणि ज्वारीची भाकरी सोडून सगळं मिळतं. वाट बघणं मला जमतं. तू घाबरू नकोस.

विठ्ठलआप्पा

•

तेलगाव,
९ जून २०२५

ती. स्व. आप्पांना,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र घरी वाचून दाखवलं. खुर्चीच्या पायाचा परिच्छेद गाळून. वडील त्या एका विळ्यावर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पण आप्पा, तुम्हीच लिहिलंय की तुमचं घर एक कोयता होतं. एक कोयता म्हणजे दोन माणसं. मग तुमच्या वडिलांच्या जोडीला उसाच्या फडात कोण होतं? मी हे वाक्य चार वेळा लिहून खोडलं, कारण ते उलटतपासणीसारखं वाटतं. तसं नाही. मला फक्त कळत नाहीये की जी बाई घरी नव्हती तिला मी गृहिणी कसं लिहू.

मग वाटलं, माझीच समज चुकत असेल. म्हणून आईला विचारलं, "आई, कुणी तुझा व्यवसाय विचारला तर काय सांगायचं?"

ती म्हणाली, "माझा कसला आलाय व्यवसाय? तुज्या बापासंगं जाते मी."

"जाऊन काय करतेस?"

"काय म्हंजी? ऊस तोडते, मोळ्या बांधते, गाडी भरते. तुजा बाप भरतो त्याच्यापेक्षा बिगी भरते."

वडील खाटेवरून म्हणाले, "ए, हे पुस्तकात लिवू नको."

आईनं एवढं सांगितलं आणि शेवटी परत तेच म्हणाली, "पर व्यवसाय न्हाई बाई मला. कोयता तुज्या बापाच्या नावावर हाय."

दुसरं. तुमच्याकडं असलेल्या विधेयकात नेमकं काय आहे ते मी शोधून वाचलं. तिकडंही भट्टीवर नवरा-बायकोला मिळून एक जोडी मोजतात आणि नाव नवऱ्याचंच लागतं, असं दिसतं. विधेयकात म्हटलंय की बाईचं नाव वेगळं लिहावं आणि तिची मजुरी तिच्या हातात द्यावी. माझं वाचण्यात चुकलं असेल तर सांगावं. मी सल्ला देत नाही. राज्यकारभारातलं मला काही कळत नाही. फक्त दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर मला रात्रभर तेच दिसत राहिलं.

'गृहिणी' मला लिहिता येणार नाही. तुमचा आग्रह असेल तर हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं. राग मानू नये.

शिवकन्या

•

तेलगाव,
२० जुलै २०२५

ती. स्व. आप्पांना,
नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही. तुम्ही रागावलात, हे कळलं.

प्रविणकाका परवा कॉलेजवर आले होते. गाडी बंद न करताच म्हणाले, "कागद द्या ताई. आप्पा आजकाल माझ्याशीसुद्धा धड बोलत न्हाईत. काय लिवलं तुमी त्यांना?" मी सांगितलं. ते म्हणाले, "लई शिकलात! आवं, म्हातारीला जाऊन तीस वर्षं झाली. आता ती गृहिणी असली काय आन् नसली काय! तिकीट मिळू द्या, मग तुमी तिला कलेक्टर लिवा."

लिहून झालेली चारही प्रकरणं त्यांना दिली. तुमचे फोटो मोजून दिले आणि पोच घेतली. एक फोटो माझ्याकडून मागच्या बाजूला किंचित दुमडला आहे, तेही सांगितलं.

तुम्हाला दुखवायचं नव्हतं. तुमच्या आईबद्दल मी, जिनं त्यांना पाहिलंही नाही, असं हटून बसायला नको होतं. तरी शब्द बदलावासा वाटत नाही. या दोन्ही गोष्टी एकदम कशा खऱ्या असतात ते मला समजत नाही.

तब्येत सांभाळावी.

शिवकन्या

•

राजभवन,
१० ऑगस्ट २०२५

चि. शिवकन्या,

वेडी आहेस. तुझ्यावर रागावलो नव्हतो. माझ्याकडं तुला लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. प्रविणशी बोललो नाही, कारण तो दर वेळी सप्टेंबरबद्दलच बोलतो.

तुझं वाचण्यात चुकलेलं नाही. विधेयक तेवढंच आहे. आठ महिने मी त्यावर शंका काढतोय. एक शंका मिटली की कार्यालय दुसरी तयार करून देतं. त्यात ते पटाईत आहेत आणि मीही.

गेल्या महिन्यात एका कार्यक्रमाला जाताना रस्त्याला वीटभट्टी दिसली. पावसामुळं काम बंद होतं. तरी काही माणसं झोपड्यांत राहिली होती. मी गाडी थांबवायला लावली. पुढच्या मागच्या गाड्यांचा गोंधळ उडाला, ते जाऊ दे. एका बाईला नाव विचारलं. ती दुभाष्याशी बोलली, आणि दुभाषी मला म्हणाला, "साहेब, ती त्या माणसाची आहे." मी म्हटलं, "नाव विचार." त्यानं पुन्हा विचारलं. ती हसली आणि तिनं परत त्या माणसाकडं बोट केलं. आम्ही पुढं गेलो. कार्यक्रमात मी काय बोललो ते मला आठवत नाही.

आता आईचं ऐक. पहिल्या निवडणुकीचं पत्रक छापून आलं तेव्हा ती फडावरून नुकतीच परतली होती. तळहाताला चिंध्या बांधलेल्या. म्हणाली, "माज्याबद्दल काय लिवलंय रं?" मी सांगितलं, "गृहिणी."

"गृहिणी म्हंजी काय?"

"घरात राहून घर बघते ती."

तिनं तो कागद जरा लांब धरला, जसं काही फोटो बघतेय. म्हणाली, "चांगलंय. पर ही कोण बाई हाय? तुज्या बापानं दुसरी केली का काय?"

सगळे हसले. मीही हसलो. निवडून आलो. ती त्याबद्दल परत कधी बोलली नाही आणि मी तो शब्द परत कधी बदलला नाही. पत्रक छापणारे म्हणायचे, आई गृहिणी असली की घर खानदानी वाटतं.

काल वरून फोन आला. आणखी सहा आठवडे थांबा, बाकी आम्ही बघतो. मी "बरं" म्हटलं. ठेवल्यावर लक्षात आलं, हे "बरं" मी चाळीस वर्षं त्याच आवाजात म्हणतोय.

उद्या सकाळी दहाला फाईल मागवली आहे. सही करणार आहे. हे पत्र पोचेल तोवर तुला बातमीतून कळलेलंच असेल. प्रविणकडून कागद परत घे. तो देईल. नाही दिले तर नव्यानं लिही, आणि वत्सलाबाईपुढं काय लिहायचं ते आता मला विचारू नकोस.

आप्पा

•

तेलगाव,
१९ ऑगस्ट २०२५

ती. स्व. आप्पांना,
शि. सा. नमस्कार.

बातमी आधी आली, पत्र नंतर. बातमी स्टाफरूममध्ये पाहिली आणि मी डबा तसाच उघडा ठेवून बाहेर गेले. आनंद झाला होता, पण दोनच मिनिटं. मग भीती वाटायला लागली. हे माझ्यामुळं झालं का? तुमचं मोठं राज्य, प्रविणकाकांचं तिकीट, सगळं एका शब्दाच्या हट्टापायी? खरं सांगावं. मला समजूत घालणारं उत्तर नको.

नेकनूरला चहाच्या हाटेलात वाद झाला, असं वडील सांगत होते. परमेश्वर मुकादम म्हणाला, "म्हातारपणी आप्पा बिघडले. राज्यपाल झाल्यावर माणसानं हार घालून घ्यावेत, सह्या कावून कराव्यात?" कुणीतरी विचारलं, "पर आप्पानं तिकडं सही केली तर तुला हिकडं काय झोंबलं बे?" तर म्हणे, "आज तिकडं हाय, उद्या हिकडं येईल." वडील चहा संपवून उठून आले. हंगामाआधीची त्यांची आगाऊ उचल परमेश्वरकडूनच असते.

प्रविणकाकांनी कागद परत आणून दिले. बोलले मात्र नाहीत. काकू गाडीत होत्या. त्या म्हणाल्या, "येऊन जा गं घरी. त्यांचा राग गौरी-गणपतीपतुर टिकायचा न्हाई."

आईला बातमी समजावून सांगितली. तिला तुमच्या खुर्चीचं काही नाही. तिनं एकच विचारलं, "मग आपल्याकडं कधी व्हायचं असं?" तिला काय सांगू?

शिवकन्या

•

राजभवन,
१८ सप्टेंबर २०२५

चि. शिवकन्या,

हुकूम परवा आला. माझ्या जागी दुसरे गृहस्थ येत आहेत. मला कुठंच नेमलेलं नाही. कागदावर आभार मानलेत, छान शब्दांत. तू मराठीची, तुला आवडले असते.

तू खरं सांगा म्हणालीस, म्हणून सांगतो. तुझ्यामुळं नाही. उगाच फुगू नकोस. सही मी केली, माझ्या हातानं, माझ्या पेननं, आणि केल्यावर भूक लागली. तू फक्त एका शब्दावर बोट ठेवलंस. ते बोट उचललं नाहीस हे मात्र बरं केलंस. शिकलेली माणसं मोठ्या माणसापुढं ठेवलेलं बोट आधी उचलतात. मला माहीत आहे, मी शिकलेला आहे.

प्रविणला मी फोन केला. अर्धा तास माझ्यावर ओरडला. मग विचारलं, "आप्पा, बीडच्या घराला रंग लावून घेऊ का?" रडत होता बहुतेक. आता तो माझ्या नावाशिवाय उभा राहील. पडेल कदाचित. मीही दोनदा पडलोय, मेलो नाही.

तुझ्या आईचा, मुक्ताचा प्रश्न महिनाभर डोक्यात आहे. या खुर्चीत बसून मला दुसऱ्या राज्याच्या कामात तोंड उघडता येत नव्हतं. आता येईल. कायदा करणं माझ्या हातात नाही आणि परत आमदार व्हायची माझी इच्छा नाही. पण आपल्या वस्तीवर ओळखपत्रासाठी ग्रामसेवक मजुरांची नोंद करतो ना? त्यात बायकांची नावं कशी लिहितात ते बघून कळव. आणि टोळ्यांच्या गाड्या कधी निघतात? माझ्या अंदाजानं दिवाळी झाल्यावर.

पुस्तक थांबवू नकोस. घाईही करू नकोस. शेवटचं प्रकरण अजून व्हायचंय.

आप्पा

•

बीड,
१ नोव्हेंबर २०२५

चि. शिवकन्या,

तुला परीक्षेच्या कामातून सुटी मिळाली नाही याचं मुक्ताला फार वाईट वाटलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. तुझे आईवडील परवा दुपारी सुखरूप निघाले. तुझ्या धाकट्या भावंडांना वसतिगृहात सोडून गेले. मुक्तानं जाताना पाठीमागं वळून बघितलं, पण ते पोरांसाठी.

तू कळवलंस तसंच होतं. नोंदीच्या कागदावर कुटुंबप्रमुखाचं नाव आणि पुढं नुसतं 'पत्नी'. ग्रामसेवक पोरगा समजूतदार निघाला. म्हणाला, "आप्पा, माणशी एक ओळ लिवायला कुणाची मनाई न्हाई. आजवर कुणी म्हनलंच न्हाई." म्हणून मी खुर्ची टाकून त्याच्या शेजारी बसलो. तो कार्डाचं बघत होता, मी नावं लिहीत होतो. प्रविणनं मांडव घालून दिला. त्याचं तिकीट गेलं, तरी मांडव त्याला चांगला घालता येतो. घराण्याचाच गुण.

परमेश्वर मुकादम आला. "आप्पा, कोयता एक हाय, नावं दोन कावून?"

मी म्हटलं, "हात चार हायत म्हणून."

"तुमी आता राज्यपाल न्हाई आप्पा."

"म्हणून तर बसलोय बे. राज्यपाल असतो तर तुझ्याकडून हार घालून घेतला असता."

रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अजिनाथ पण हसला, मुकादमासमोर. मग म्हणाला, "लिवा आप्पा, मुक्ता. माज्या आदी लिवा, ती बिगी गाडी भरते." हे तू पुस्तकात घे. त्याची परवानगी मी काढली आहे. परमेश्वरनं भरलेल्या गाड्यांकडं बघितलं. गाड्या थांबवता येत नव्हत्या आणि माणसं सोडता येत नव्हती. शेवटी म्हणाला, "लिवा, पर लौकर लिवा. कारखाना वाट बघत न्हाई." पुढच्या वर्षी तो अडवेल. पुढच्या वर्षी आपण आणखी दोन वस्त्यांवर बसू. तुझी सुटी आत्ताच मागून ठेव.

सगळं काही सोपं झालं नाही. बऱ्याच जणींनी नवऱ्याचंच नाव सांगितलं. एकीनं मुलाचं सांगितलं. मला प्रत्येकीला म्हणावं लागलं, "तुझं गं, तुझं."

शेवटी विमलबाई म्हणून एक आली, माझ्याच वयाच्या आसपासची. अजून तोडणीला जाते, जाऊ नये पण जाते. नाव सांगितलं. मी लिहिलं. ती जाईना. ट्रॅक्टरवाला हाका मारत होता. मी विचारलं, "काय राहिलं बाई?"

म्हणाली, "वाचून दावा की."

मी वाचून दाखवलं. पूर्ण नाव, गावासकट.

तिनं ऐकून घेतलं. मान हलवली. मग डोईवरचं गाठोडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "अजून एकदा."

आप्पा